गाडी रिकामी किती फिरते? संभाजीनगरात नव्याने टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी

परमिट हातात आलं, पिवळी पाटी लागली, बँकेचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे. आता गाडी सकाळी किती वाजता काढायची आणि न्यायची कुठे? नवीन माणूस हे स्टँडवरच्या जुन्यांना विचारतो. जुने सांगतात, "स्टेशनला जा, एअरपोर्टला जा, भाडं लागतंच." ते खोटं बोलत नाहीत. पण स्टेशन पहाटे चारला एक असतं आणि दुपारी तीनला दुसरंच. आणि भाडं लागलं म्हणजे पैसे उरले असं नाही.

हा लेख छत्रपती संभाजीनगरात चारचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी आहे, मग ती अ‍ॅपवर असो, स्वतःच्या बुकिंगवर असो की दोन्हीवर. रिक्षावाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. माझं म्हणणं एकच आहे: भाड्याची किंमत पैशावर ठरते त्यापेक्षा जास्त ते तुम्हाला कुठे आणि किती वाजता सोडतं यावर ठरते. पुढचं सगळं हे स्वतःच्या गाडीवर मोजून बघण्यासाठी आहे.

पहिलं काम: वही

डॅशबोर्डच्या कप्प्यात दोनशे पानी वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहू म्हणाल तर लिहिणार नाही, कारण मोबाइलवर तेव्हा नकाशा चालू असतो आणि वर पार्टीचा फोन येत असतो. वहीत सात रकाने आखा: वेळ (सवारी बसल्याची आणि उतरल्याची), कुठून, कुठे, रिकामे किलोमीटर, भरलेले किलोमीटर, थांबलेली मिनिटं, पैसे.

किलोमीटर मोजायला डोकं लावावं लागत नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांत ट्रिप ए आणि ट्रिप बी असे दोन मीटर असतात. सकाळी गाडी काढताना ए शून्यावर आणा आणि रात्रीपर्यंत त्याला हात लावू नका. बी मात्र दोनदा शून्य करायचा, सवारी बसली की आणि सवारी उतरली की. शून्य करण्याआधी आकडा वहीत टाका. सवारी बसताना जो आकडा दिसतो तो रिकाम्या धावेचा, उतरताना दिसतो तो भरलेल्या धावेचा. रात्री दोन्हींची बेरीज एच्या आकड्याशी जुळली पाहिजे. दोन-तीन किलोमीटरचा फरक सोडून द्या, वीसचा फरक दिसला तर एखादी फेरी लिहायची राहिली आहे.

अ‍ॅपमधल्या कमाईच्या पानावर सगळं असतं, मग वही कशाला, असं कुणीतरी म्हणतंच. तिथे साधारण तुमचं भरलेलं अंतर आणि आलेले पैसे दिसतात. चिकलठाण्याहून मोकळी गाडी घेऊन सिडकोपर्यंत आलात त्याचं डिझेल तिथे कुठे दिसतं?

दोन आठवडे लिहा. एका आठवड्यावर विसंबू नका, त्यात एखादी जत्रा, एखादा बंद, एखादा परीक्षेचा दिवस आला तर सगळे आकडे वाकडे होतात.

वहीतून तीन आकडे काढा

पहिला आकडा भरलेले किलोमीटर भागिले एकूण किलोमीटर. शंभरातले साठ किलोमीटर सवारी गाडीत असेल तर साठ टक्के. दुसरा आकडा सवारी गाडीत असलेली मिनिटं भागिले ड्यूटीची एकूण मिनिटं. तिसरा, ज्यावर घर चालतं तो: इंधन आणि गाडीची झीज वजा करून तासाला हातात किती राहिले.

पहिले दोन आकडे सारखेच वाटतात, पण आपल्या शहरात ते एकमेकांच्या उलट जातात. विमानतळावर नंबर लावून बसलात तर रिकामे किलोमीटर फार होत नाहीत, पहिला आकडा छान दिसतो. पण तास-दीड तास रांगेत जातो आणि दुसरा आकडा झोपतो. याच्या उलट संध्याकाळी गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक या भागात घुसलात तर गाडीत सवारी सतत असते, दुसरा आकडा फुगतो. फक्त गाडी हलत नाही. चार किलोमीटरला चाळीस मिनिटं जातात आणि भाडं चार किलोमीटरचंच मिळतं. कुठलाही एकच आकडा बघून खूश होणारा महिनाअखेरीला हप्त्याच्या वेळी गडबडतो. म्हणून शेवटचा निवाडा तिसऱ्या आकड्यावर करा. पहिले दोन फक्त गळती कुठे आहे ते दाखवतात: पहिला कमी असेल तर तुम्ही भटकताय, दुसरा कमी असेल तर तुम्ही बसून राहताय.

तासाचा हिशेब करताना एक वेळ सगळेच विसरतात. सीएनजीची रांग. पंपावर गेलेला अर्धा तास हा ड्यूटीचाच अर्धा तास आहे, तो वहीत लिहा.

वाळूजचं भाडं: एकदा कागदावर

समजा सिडकोतून वाळूज एमआयडीसीचं भाडं आलं. अंतर २० किलोमीटर, भाडं ३६० रुपये, जायला ५० मिनिटं. गाडीचा चालता खर्च, म्हणजे इंधन, टायर, ऑइल धरून, किलोमीटरला ६ रुपये मानू. (तुमचा आकडा वेगळा असेल, तो टाका. पद्धत तीच.)

सवारी सोडली आणि लगेच मोकळे परत फिरलात. येताना रस्ता जरा बरा, ४५ मिनिटं. एकूण ४० किलोमीटर, खर्च २४० रुपये, हातात १२० रुपये, वेळ ९५ मिनिटं. तासाला ७६ रुपये पडले.

त्याच वेळात सिडकोतच राहून छोटी भाडी मारली असती तर? समजा ९० रुपयांची तीन भाडी, प्रत्येकी ४ किलोमीटर भरलेले आणि २ किलोमीटर रिकामे, दर भाड्याला सगळं मिळून २५ मिनिटं. मिळाले २७०, खर्च १८ किलोमीटरचा १०८, हातात १६२ रुपये ७५ मिनिटांत. तासाला १३० रुपये. नवीन माणूस ३६० चा आकडा बघून पळतो आणि ९० चं भाडं कॅन्सल करतो. कागदावर ते उलटं निघतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. वाळूजला अर्धा तास थांबून परतीचं ३०० रुपयांचं भाडं मिळालं तर एकूण ६६० मिळतात, खर्च तोच २४०, हातात ४२०, वेळ १२५ मिनिटं. तासाला २०० च्या वर. म्हणजे वाळूजचं भाडं वाईट नाही, मोकळं परतणं वाईट आहे.

मग थांबायचं की नाही? अर्धा तास थांबण्याची किंमत काढा. त्या अर्ध्या तासात सिडकोत तुम्ही साधारण ६५ रुपये कमावले असते. परतीचं भाडं मिळालं तर ३०० मिळतात, तेही एकही जादा किलोमीटर न चालवता, कारण परत यायचंच होतं. तेव्हा चारदा थांबून एकदा जरी परतीची सवारी मिळाली तरी थांबणं फायद्याचं. पाचदा थांबून एकदाही मिळाली नाही तर त्या वेळेला, त्या ठिकाणी थांबू नका. ही पाचातली किती, हे फक्त तुमची वही सांगेल. ते वेळेप्रमाणे बदलतं: सकाळी साडेनऊला वाळूजहून शहरात येणारं कुणी नसतं, संध्याकाळी साडेपाचला मात्र ऑडिटला आलेले साहेब, पुण्याचे व्हेंडर, मशीन दुरुस्तीला आलेले इंजिनिअर हॉटेलवर किंवा स्टेशनला निघालेले असतात.

घड्याळाप्रमाणे शहर

पहाटे चार ते साडेसहा. ही वेळ नवीन लोक झोपून घालवतात आणि जुने त्यावर घर चालवतात. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस येते, पुणे-मुंबई-नागपूरच्या ट्रॅव्हल्स उतरतात. रस्ते मोकळे असतात, म्हणून एका तासात दोन-तीन भाडी होतात. सवारीकडे सामान असतं, त्यामुळे रिक्षापेक्षा कारला पसंती. पहाटेच्या सवाऱ्या सिडको, गारखेडा, देवळाई-सातारा, पडेगाव अशा कडेच्या वस्त्यांत जातात, आणि तिथून परतताना मोकळंच यावं लागतं. पण रस्ता मोकळा असल्याने ती रिकामी फेरी स्वस्तात पडते. दिवसा हीच रिकामी फेरी दुप्पट वेळ खाते.

सकाळी साडेसहा ते आठ. वंदे भारत मुंबईकडे सकाळी जाते, तिच्या वेळेच्या तासभर आधी शहरातून स्टेशनचं बुकिंग येतं. ही गाडी ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. त्या वेळी वेळापत्रक बदललं आणि ज्यांनी वहीत जुनीच वेळ धरून ठेवली ते मोकळ्या फलाटासमोर उभे राहिले. वेळापत्रक महिन्यातून एकदा बघत जा.

आठ ते साडेदहा. शाळा, ऑफिस, दवाखाने आणि हायकोर्ट. जालना रोडवरच्या खंडपीठात मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारहून पक्षकार आणि वकील येतात. ते स्टेशनवर आणि मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतात आणि साडेदहाच्या आत कोर्टात पोहोचायचं असतं. ही भाडी छोटी, पण एकामागून एक. मे महिन्यात कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागली की हा झरा आटतो, तेव्हा तिथे उभं राहून उपयोग नाही.

साडेदहा ते चार. यावर जरा थांबून बोलू, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. मराठवाड्याचं दुपारचं ऊन, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावर माणूस नाही. बहुतेक ड्रायव्हर एक तर झाडाखाली एसी लावून बसतात किंवा भाडं दिसेल म्हणून चकरा मारतात. दोन्ही महाग. उभ्या गाडीत एसी चालू ठेवणं म्हणजे इंधन जाळून शून्य किलोमीटर. चकरा मारणं त्याहून वाईट, कारण झीजही होते. दुपारसाठी माझ्या मते तीनच कामं आहेत. एक, गाडीची कामं: सीएनजी, पंक्चर, सर्व्हिसिंग, पीयूसी, सगळं या वेळेत. दोन, जेवण आणि झोप, जर पहाटे काम केलं असेल. तीन, मोठ्या दवाखान्यांचे डिस्चार्ज. पेशंटला सकाळी सोडतो म्हणतात, पण बिल आणि विम्याचे कागद होईपर्यंत दुपार होते. घाटी या सरकारी दवाखान्यातून, बीड बायपासच्या आणि गारखेड्याच्या मोठ्या दवाखान्यांतून दुपारी बारा ते तीन या वेळेत गावाकडे जाणारी भाडी निघतात: फुलंब्री, पैठण, गंगापूर, कधी थेट सिल्लोड. नातेवाइकांना हळू चालवणारा ड्रायव्हर हवा असतो, खड्ड्यात आपटणारा नको. एकदा तुमचं कार्ड दवाखान्याच्या मेडिकल स्टोअरवाल्याकडे राहिलं की तो फोन करतो. परतीला मोकळं यावं लागतं, म्हणून भाडं ठरवताना दोन्ही बाजूंचं ठरवा, आणि ते आधी, पेशंट गाडीत बसल्यावर नाही.

चार ते साडेआठ. साडेचार-पाचला कोर्ट सुटतं, एमआयडीसीतली ऑफिसं सुटतात, मुंबईहून वंदे भारत संध्याकाळी येते, बाजार भरतो. मागणी सगळ्यात जास्त आणि वाहतूकही सगळ्यात जास्त. या वेळेत लांब पल्ल्याचं भाडं घेण्यापेक्षा जालना रोडच्या कडेकडेने मध्यम भाडी घेत राहा. एक गाडी दोन ड्रायव्हर मिळून चालवत असाल तर गाडी बदलायची वेळ संध्याकाळी चार-पाचला कधीच ठेवू नका. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांची ही जुनी बदनामी आहे, लोक ऑफिसातून बाहेर पडायला लागले की नेमक्या तेव्हाच टॅक्स्या शिफ्ट बदलायला गॅरेजकडे वळतात. आपल्याकडे तोच प्रकार छोट्या प्रमाणात होतो. बदल दुपारी दोनला करा.

रात्री साडेआठनंतर. ट्रॅव्हल्स सुटतात, देवगिरी मुंबईकडे जाते, हॉटेलांतून लोक घरी निघतात. लग्नसराईत बीड बायपासच्या मंगल कार्यालयांबाहेर रात्री दहा-साडेदहाला चांगली मागणी असते. बारानंतर मात्र शहर झोपतं. मुंबईतली रात्रभर चालणारी धंद्याची गणितं इथे आणू नका.

भाग ओळखून घ्या

शहर ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पसरलंय आणि जालना रोड हा त्याचा कणा. पश्चिमेला छावणी, नगर नाका आणि पुढे वाळूज. पूर्वेला सिडको, चिकलठाणा, विमानतळ, शेंद्रा. दक्षिणेला रेल्वे स्टेशन, बीड बायपास, सातारा-देवळाई. उत्तरेला जुनं शहर, हर्सूल, विद्यापीठ, मकबरा. रिकामी धाव कमी ठेवायची तर या कण्यापासून फार लांब मोकळं फिरायचं नाही.

जालना रोडवर एक बारीक गोष्ट. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, सगळीकडे उड्डाणपूल आहेत. सवारी गाडीत असेल तर वरून जा. मोकळे असाल आणि हात दाखवून सवारी घेत असाल तर खालून. चौकात उभा असलेला माणूस पुलावर दिसत नाही. अ‍ॅपवर चालवणाऱ्यालाही हे कामाचं आहे, कारण तुम्ही पुलावर असताना पुलाखालचं बुकिंग पडलं तर पुढचा चौक गाठून वळून येण्यात सहा-सात मिनिटं जातात आणि तोवर पार्टी कॅन्सल करून मोकळी होते.

शेंद्रा आणि विमानतळ यांची जोडी लावा. सकाळी शेंद्रा किंवा ऑरिकच्या कंपन्यांत सवारी सोडली की मोकळं शहरापर्यंत येऊ नका. केम्ब्रिज चौकातून पुढे येताना विमानतळ वाटेतच आहे. विमान उतरायला अर्धा तास असेल तर तिथेच नंबर लावा. शहरातून मुद्दाम विमानतळावर मोकळं जाणारा आणि शेंद्र्याहून वाटेत थांबणारा, दोघांच्या भाड्यात फरक नसतो, पण एकाची धाव दहाएक किलोमीटरने कमी असते. विमानांच्या वेळा मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यात नवीन वेळा लिहून काचेला लावा.

वाळूजला जायला दोन रस्ते: छावणीतून नगर नाक्याने, किंवा पैठण रोडच्या महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडने एएस क्लबकडे. कंपन्यांच्या पाळ्या साधारण सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या आसपास बदलतात, त्या वेळी लोखंडी पूल ते वाळूजजवळचं पंढरपूर या पट्ट्यात बस, दुचाक्या, शेअरिंग रिक्षा एकदम उतरतात. पाळीचा कामगार तुमचं गिऱ्हाईक नाही, तो कंपनीच्या बसने किंवा सीटवर जातो. त्या गर्दीत तुम्हाला मिळतो फक्त उशीर. लिंक रोड अंतराने जास्त वाटतो, पण पाळीच्या वेळेला घड्याळ लावून एकदा दोन्ही बघा.

जुन्या शहराबद्दल मी पक्षपाती आहे. शहागंज, रोशन गेट, चेलीपुरा हे रिक्षाचं राज्य आहे आणि असू द्यावं. भाडं आत सोडायचं असेल तर सोडा, पण आत थांबून वाट बघू नका. विद्यापीठ, घाटी, बेगमपुरा या बाजूला जाताना मकई गेट, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला हे दरवाजे लागतात, कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते आणि समोरून आलेला मागे हटत नाही. पर्यटकाला ते बघायला आवडतं, तुमची मात्र दहा मिनिटं जातात. गुरुवारी छावणीचा बाजार असतो, रविवारी जाफर गेटचा. त्या दिवशी त्या बाजूला पाय ठेवताना विचार करा.

सातारा-देवळाई, पडेगाव, हर्सूल, नारेगाव इथे सोडायची भाडी भरपूर आणि तिथून निघणारी सकाळ सोडली तर कमी. संध्याकाळी सहानंतर तिकडचं भाडं घेतलं तर परतीची रिकामी फेरी धरूनच घ्या. दिवसाचं शेवटचं भाडं म्हणून मात्र ते उत्तम, विशेषतः तुम्ही त्याच बाजूला राहत असाल तर. घराच्या दिशेचं भाडं शेवटी घेणं ही रिकामी धाव वाचवण्याची सगळ्यात सोपी युक्ती आहे. अ‍ॅपमध्ये दिशा निवडायची सोय असेल तर ती दिवसाच्या शेवटीच वापरा, सकाळी खर्च करू नका.

वेरूळ-अजिंठा आणि बाहेरची भाडी

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे इतकं जुनं आहे, तरी दरवर्षी कुणीतरी नवीन ड्रायव्हर सोमवारी पार्टी घेऊन फर्दापूरपर्यंत जातो. अजिंठ्याला आपली गाडी टी-पॉइंटला लावावी लागते, तिथून पुढे बस. म्हणजे तुमचे तीन-चार तास उभे जातात, वेटिंग भाड्यात धरा. वेरूळला श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असते, भद्रा मारुतीला शनिवारी आणि हनुमान जयंतीला. आदल्या रात्रीपासून खुलताबादच्या रस्त्याने माणसं चालत निघतात आणि वाहतूक वळवली जाते. दौलताबादला किल्ल्याच्या दरवाजातून रस्ता जातो तिथे सुट्टीच्या दिवशी कोंडी ठरलेली.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्यात दिवसभराची वेरूळ-दौलताबाद-मकबरा ड्यूटी मिळाली तर घ्या, कारण ती सुरू होते तिथेच संपते. रिकामी फेरी नाहीच. शिर्डी, शिंगणापूर, पुणे यांचं भाडं घेताना परतीचा टोल आणि परतीचं इंधन कुणाचं, हे निघण्याआधी फोनवर नाही, मेसेजवर लिहून घ्या. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला तेव्हापासून शिर्डीचा वेळ कमी झाला, पण रिकामं परतताना टोल भरून वेळ वाचवायचा का, हा हिशेब प्रत्येक वेळी वेगळा येतो. पुढे भाडं ठरलेलं असेल तर टोल भरा. नसेल तर जुन्या रस्त्याने आरामात या.

"आजचे दोन हजार झाले, चला घरी"

हा आपल्या धंद्यातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग विचार. १९९७ मध्ये अर्थतज्ज्ञ कॉलिन कॅमेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की ज्या दिवशी धंदा जोरात, त्या दिवशी ड्रायव्हर लवकर घरी जातात, आणि मंदीच्या दिवशी आकडा गाठायला उशिरापर्यंत झिजतात. पुढे प्रिन्स्टनच्या हेन्री फार्बर यांनी २००९ ते २०१३ या काळातल्या तिथल्याच टॅक्स्यांच्या प्रचंड नोंदी घेतल्या आणि सांगितलं की बहुतेक ड्रायव्हर असं वागत नाहीत, चांगल्या दिवशी ते जास्तच चालवतात. मात्र नव्यांत ही सवय दिसते, आणि ते एक तर लवकर शिकतात किंवा धंदा सोडतात. भांडण विद्वानांचं आहे, आपल्या कामाचं शेवटचं वाक्य आहे.

म्हणून रोजचा आकडा ठरवू नका, तासाचा ठरवा. वहीतून तुमची तासाची सरासरी काढा. आत्ताचा तास त्याच्या वर चालला असेल, म्हणजे एखादी परीक्षा आहे, पाऊस आहे, लग्नाची दाट तिथी आहे, तर दोन हजार झाले असले तरी आणखी दोन तास ओढा. दुपारी सलग दोन तास सरासरीच्या निम्म्याने चालले असतील तर आठशेच झाले असले तरी घरी जाऊन झोपा आणि संध्याकाळी निघा. ओढायचं म्हणजे किती? केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या अ‍ॅग्रीगेटर (अ‍ॅपवरून टॅक्सी देणाऱ्या कंपन्या) मार्गदर्शक सूचनांत ड्रायव्हरने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉगइन राहू नये आणि त्यानंतर १० तास विश्रांती घ्यावी असं म्हटलं होतं. दोन-तीन अ‍ॅप आलटून पालटून वापरले की ही मर्यादा कुणाला दिसत नाही. समृद्धीवर डोळा लागला की दिसते.

अ‍ॅपचा लाल नकाशा

मागणीचा भाग लाल दिसला की सगळे तिकडे धावतात. नकाशा दाखवतो की थोड्या वेळापूर्वी तिथे सवाऱ्या जास्त होत्या आणि गाड्या कमी. तुम्ही पोहोचेपर्यंत तुमच्यासारखे आठ जण पोहोचलेले असतात. दोन किलोमीटरच्या आत असेल तर जा, त्यापलीकडे असेल तर तुमची वही त्या वेळेला जिथे सांगते तिथेच थांबा. पिकअपचं अंतर बघून भाडं घ्या: चार किलोमीटरच्या भाड्यासाठी चार किलोमीटर मोकळं जाणं म्हणजे अर्धं भाडं इंधनाला.

फिटनेसची तारीख लक्षात ठेवा. नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ते काम लग्नसराईत, दिवाळीत किंवा हंगामाच्या शनिवारी येऊ देऊ नका. जुलैमधला एखादा मरगळलेला मंगळवार त्यासाठी बरा.

नांदेड, लातूरवाल्यांसाठी

पद्धत हीच, जागा वेगळ्या. नांदेडला हुजूर साहिबचे भाविक सचखंड एक्सप्रेसने एकदम उतरतात, त्यामुळे मागणी गाडीच्या वेळेला उसळते आणि मध्ये सपाट असते. तिथे घड्याळ भागापेक्षा महत्त्वाचं. लातूरला शिकवण्यांची पोरं आहेत, रोजची ये-जा ती सायकलने आणि रिक्षाने करतात. तुमची भाडी म्हणजे पालक: जून-जुलैचे प्रवेश, दिवाळीची सुट्टी, नीटच्या परीक्षेचा दिवस. जालन्याला आणि बीडला शहरातल्या शहरात टॅक्सीचा धंदा पातळ आहे, तिथे गाडी बाहेरच्या भाड्यावरच चालते, म्हणून वहीत रिकाम्या किलोमीटरच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: परतीच्या वाटेवरच्या कुणाला आधी फोन केला आणि भाडं मिळालं का. महिन्याभरात संभाजीनगरचे चार-पाच ड्रायव्हर आणि दोन-तीन हॉटेलवाले या यादीत जमतील. निघायच्या अर्धा तास आधी त्यांना फोन लावायचा.